१८२७ च्या रेग्युलेशनखाली वारस दाखला कसा काढावा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, जाहिरातींच्या गर्दीत, न्यायालयाची एक चौकोनी नोटीस अनेकदा दिसते. अमुक यांचे निधन झाले, त्यांच्या वारसांनी ‘मुंबई रेग्युलेशन ८ सन १८२७’ प्रमाणे वारस दाखला मिळण्यासाठी अर्ज केला आहे, कोणाची हरकत असल्यास ठरलेल्या मुदतीत न्यायालयात हजर राहून कळवावी, असा तिचा मजकूर. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा हा कायदा महाराष्ट्रात अजून रोजच्या वापरात आहे. अर्ज करण्याआधी तो काय देतो आणि काय देत नाही हे नीट समजून घेतले, तर पुढची बरीच भांडणे टळतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८१८ मध्ये पेशवाई संपली. दख्खनचा कारभार बसवणारे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत, १ जानेवारी १८२७ रोजी, मुंबई इलाख्याची रेग्युलेशने एकत्रितपणे मंजूर झाली. दिवाणी दाव्यात कोणता कायदा लावायचा हे चौथ्यात होते: आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारची रेग्युलेशने, ती नसतील तर त्या मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक. बारावे पोलिसांच्या कामाचे, चौदावे गुन्हे आणि शिक्षांचे, सतरावे जमीन महसुलाचे. त्याच वर्षीच्या एकोणतिसाव्या रेग्युलेशनने हा सगळा अंमल दख्खन आणि खानदेशावर आला. साताऱ्यात तेव्हा छत्रपतींचे राज्य होते, मराठवाडा निजामाकडे आणि नागपूर भोसल्यांकडे, म्हणून तिथे तो तेव्हा आला नाही. पुढे १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई सरकारचा स्वतंत्र कायदे करण्याचा अधिकारच काढून घेतला. चौदाव्याची जागा १८६० च्या भारतीय दंड संहितेने घेतली, सतराव्याची १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने. आठवे मात्र टिकले. त्यामागची अडचण अगदी व्यवहारातली होती. मयताचे पैसे ज्याच्याकडे अडकले आहेत, त्याला ते भलत्याच माणसाच्या हाती जातील अशी धास्ती असते. न्यायालयाचा कागद समोर आला की तो निर्धास्तपणे व्यवहार करतो. आजचा पेन्शन विभागातला कारकून किंवा गृहनिर्माण सोसायटीचा सचिव नेमक्या याच धास्तीपोटी दाखला मागतो.

पायरी १ : दाखला खरोखर लागतो का, ते तपासा

हे रेग्युलेशन स्वतःच सांगते की वाद नसेल तर वारसाला न्यायालयात न जाताही मालमत्तेची व्यवस्था हाती घेता येते. म्हणून आधी ज्या कार्यालयाने अडवले आहे, तिथून नेमका कोणता कागद हवा ते लेखी घ्या. तोंडी ‘वारस दाखला आणा’ म्हणतात आणि हवे असते भलतेच.

शेतजमिनीसाठी सहसा न्यायालयात जावे लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते आणि फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर नावे लागतात. बँकेतली ठेव, शेअर, रोखे यांना नॉमिनेशन (आपल्या पश्चात पैसे कोणाच्या हाती द्यावेत याची नोंद) नसेल आणि बँक अडून बसली, तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खालचा उत्तराधिकार दाखला लागतो. त्याचा अर्ज वेगळा, कोर्ट फीही वेगळी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पेन्शनची थकबाकी, सोसायटीतला गाळा, नगरपालिकेच्या दप्तरातली घराची नोंद अशा कामांसाठी मात्र १८२७ च्या रेग्युलेशनखालचा दाखला उपयोगी पडतो.

पायरी २ : वंशावळ पूर्ण करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक तक्रारींचे मूळ अपुऱ्या वंशावळीत असते.

मयत हिंदू पुरुष असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे, आणि तिचेच नाव सर्रास गळते. चाळिशीतला माणूस गेला की घरचे पत्नी आणि मुलांची नावे लिहून मोकळे होतात, त्याच घरात बसलेल्या म्हाताऱ्या आईचा हिस्सा कोणाच्या मनातही येत नाही. मयताच्या हयातीतच वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलेही वारस असतात, तशीच आधी वारलेल्या मुलीची मुलेही. मयत हिंदू स्त्री असेल तर क्रम निराळा आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना त्यांचे त्यांचे नियम लागू होतात.

लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे ‘त्यांना काही नकोच आहे’ म्हणून वगळू नका. हे मी आग्रहाने सांगतो. एखाद्या बहिणीला हिस्सा खरोखर नको असेल, तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र असते. ते तिने समजून उमजून, स्वतःच्या मर्जीने करायचे. वंशावळीतून तिचे नाव गाळणे म्हणजे शपथेवर खोटे बोलणे.

पायरी ३ : कागद आणि अर्ज

मृत्यू दाखला, शपथपत्रावरची वंशावळ, रेशनकार्ड, सर्व वारसांचे ओळखपुरावे, मयताशी नाते दाखवणारे जन्म किंवा विवाहाचे पुरावे, आणि मिळकतीचे कागद, म्हणजे मिळकत पत्रिका, घरपट्टीचा उतारा, पेन्शनची कागदपत्रे, असे सगळे जमवा. बाकीच्या वारसांची हरकत नसेल तर त्यांची संमतीची शपथपत्रे जोडा, काम हलके होते. नावांतला फरक आधीच शोधा. मृत्यू दाखल्यावर ‘दत्तू’ आणि घराच्या उताऱ्यावर ‘दत्तात्रय’ असेल, तर दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे अर्जातच लिहा आणि पुरावा लावा.

अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा या कामाचे अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे करतात. आपल्या भागातले अर्ज कोणत्या न्यायालयात चालतात, ते तिथल्या वकिलाला किंवा न्यायालयाच्या दाखल विभागात विचारा. अर्जात मयताचे नाव, मृत्यूची तारीख आणि ठिकाण, राहण्याचे कायमचे ठिकाण, प्रत्येक वारसाचे वय, नाते, पत्ता, मिळकतीचा तपशील आणि दाखला कशासाठी हवा ते लिहा. मृत्युपत्र असल्यास ते लपवू नका.

पायरी ४ : जाहीरनामा आणि हरकत

अर्ज दाखल झाल्यावर न्यायालय जाहीरनामा काढते. रेग्युलेशनप्रमाणे हरकत घ्यायची मुदत त्याच्या तारखेपासून एक महिन्याची. वर्तमानपत्रातली ती चौकोनी नोटीस ती हीच.

तुमच्या नात्यातल्या कोणाची अशी नोटीस दिसली, तर वारसांच्या यादीत आपले नाव आहे का ते आधी बघा. नसेल तर नात्याचा पुरावा घेऊन मुदतीत लेखी हरकत दाखल करा. हरकत आली की न्यायाधीश संक्षिप्त चौकशी करतात. प्रश्न गुंतागुंतीचा असेल, उदाहरणार्थ दत्तक खरे की खोटे, दुसरे लग्न कायदेशीर की नाही, तर तो नियमित दाव्यात सोडवावा लागतो आणि तोवर अर्ज थांबवता येतो. हरकत नसेल तर अर्जदाराचे पुराव्याचे शपथपत्र होते, मूळ कागद तपासले जातात आणि आदेश होतो.

पायरी ५ : दाखला हाती आल्यावर

रेग्युलेशनच्या सातव्या कलमात दोन गोष्टी लागोपाठ सांगितल्या आहेत. दाखलाधारकाला वारस म्हणून सगळे व्यवहार करता येतात, दावाही लावता येतो. पण दाखल्यामुळे मिळकतीवर कसलाही हक्क निर्माण होत नाही. सध्या कायदेशीर व्यवस्था कोण बघते आहे, एवढेच तो दाखवतो. थोरल्या भावाच्या नावे दाखला निघाला म्हणून घर त्याचे झाले नाही, बाकीच्यांचे हिस्से जसेच्या तसे राहतात. ज्यांना नोटीस दिसलीच नाही, त्यांनाही नियमित दिवाणी दाव्यात आपला हक्क मागता येतो, फक्त त्यात मुदतीचा प्रश्न येतो म्हणून उशीर करू नये.

दाखल्याच्या तीन-चार प्रमाणित नकला एकदमच काढून घ्या. कोणत्याही कार्यालयात मूळ दाखला जमा करू नका. तो दाखवा, नक्कल द्या आणि नकलेच्या पोचेवर तारीख, शिक्का, सही घ्या.