गावात बसून पहिला बीट-अल्बम

दंडारीतली (विदर्भातल्या लोकनाट्यातली) ढोलकी सॅम्पल करायची, म्हणजे तिचा तुकडा रेकॉर्ड करून बीटमध्ये वापरायचा, तर आधी मंडळींची परवानगी घ्या. रेकॉर्डर चार-पाच फुटांवर, कर्ण्यापासून दूर ठेवा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करा, सर्वांत जोराची थापही -१२ डेसिबलच्या (० ही कमाल मर्यादा) आसपास राहावी, कारण फाटलेला आवाज नंतर सुधरत नाही. वाऱ्याची घरघर ६० हर्ट्झखाली कापा. त्याहून वर गेलात तर घुमारा जातो.

९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) चार मात्रांचे चार बार म्हणजे १०.६७ सेकंद. तेवढाच लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) घ्या. पण प्रत्येक ठोका ग्रिडला (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांना) चिकटवू नका, लयीचा झुलवा मरतो.

किक (ड्रमचा जाड ठोका) वाजताना बास ३-४ डेसिबल खाली आणा, नाहीतर दोन्ही आवाजांचा चिखल. मास्टर (शेवटची तयार फाइल) -१४ एलयूएफएसवर (सरासरी जोराचं माप), ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) -१ डेसिबलवर ठेवा. लाइटचा भरवसा नाही. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर लावा. आणि अल्बमला आठ ट्रॅक पुरे.