तंबाखूचा बार आणि हृदय: सोडायचं कसं

नाशिकला सातपूर-अंबडकडे कारखान्यांची पाळी सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर चहाबरोबर डबी निघते. एका खणात तंबाखू, दुसऱ्यात चुना. अंगठ्याने मळायचं, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि चिमूट ओठाआड सारायची, की लागला बार. "आपण कुठे बिडी ओढतो?" हे ठरलेलं उत्तर. पुडीवरच्या चित्रामुळे कॅन्सरची धास्ती थोडीफार असते, हृदयाचं मात्र कुणाच्या गावीही नसतं.

चुना क्षारधर्मी. तो मिसळला की तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक आवरणातून थेट रक्तात उतरतं. मग नाडी पळते, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. सिगारेट काही मिनिटांत संपते. बार मात्र बराच वेळ गालात असतो, आणि तो तसाच ठेवून झोपणारेही आहेत. त्यांच्या हृदयाला रात्रपाळीसुद्धा चुकत नाही. हार्ट अटॅकची कारणं शोधणाऱ्या, ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासाचे तंबाखूविषयीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत हार्ट अटॅकचा धोका, तंबाखूला कधीच हात न लावणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसला. चघळणं आणि ओढणं दोन्ही असेल तर सुमारे चौपट.

आधी बीपी मोजून घ्या

मोजण्याआधी निदान अर्धा तास तोंडात काही नको, नाहीतर आकडा तंबाखूचा येईल, तुमचा नाही. डॉक्टरांना तंबाखूचं स्पष्ट सांगा. मशेरीही सांगा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या कितीतरी बाया 'तंबाखू खात नाही' असं मनापासून सांगतात, कारण मशेरी त्यांच्या हिशेबी दात घासायची. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि निकोटीन तिच्यातूनही रक्तात जातं.

चार दिवस नुसतं लिहा

इतक्यात बार सोडू नका. प्रत्येक चिमटीची वेळ आणि कारण कॅलेंडरच्या मागे लिहा: उठल्यावर, जेवणानंतर, कुणीतरी "भाऊ, मळ की जरा" म्हणाला म्हणून. निम्मे बार तलफेचे नसून सोबतीचे निघाले तर नवल नाही. ते सोडणं सोपं.

अवघड असतो तो सकाळचा. "त्याशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खरी असते. निकोटीन आतड्यांना चाळवतं आणि शरीराला त्याची सवय लागते. सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतो आणि बरेच जण तिथेच परत वळतात. म्हणून तयारी आधीपासून करा. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, जमेल तेव्हा पेरू. ठरल्या वेळी संडासला जाऊन बसायचं, घाई करायची नाही.

तारीख ठरवा

लग्नसराईतली किंवा द्राक्षतोडणीच्या ऐन घाईतली नको. आदल्या रात्री गादीखालची, गाडीच्या डिकीतली, शर्टाच्या खिशातली पुडी काढून टाका. चुन्याची डबीसुद्धा. टपरीवरच्या मित्रांना सांगून ठेवा की आजपासून मला देऊ नका. चार दिवस चेष्टा होईल, होऊ द्या.

तलफ आली की

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड होते, झोप लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. एकेक तलफ काही मिनिटांची असते. तेवढा वेळ बडीशेप, लवंग, भाजलेलं जवस चघळा किंवा उठून चक्कर मारा. बदली म्हणून सुपारी नको, ती स्वतःच कॅन्सरकारक आहे. बीपी असेल तर ज्येष्ठमध रोज चघळू नका, त्यानेही बीपी वाढतं. खारवलेल्या आवळासुपारीतलं मीठही मोजा.

तरी भागलं नाही तर निकोटीन गम असतो. किती ताकदीचा घ्यायचा ते डॉक्टर तुमच्या सवयीवरून सांगतील. हृदयविकार असेल, नुकताच अटॅक येऊन गेला असेल किंवा बाई गरोदर असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. चघळायची पद्धत नीट समजून घ्या. हळूहळू चावायचा, तिखट झणझणी आली की गालात दाबून ठेवायचा, ती गेली की पुन्हा चावायचा. चिंगमसारखा भराभर चावला तर निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, आणि मग "गम काही कामाचा नाही" असं होतं. गमच्या पंधरा मिनिटं आधी आणि तो तोंडात असताना चहा-कॉफी बंद. तोंड आंबट झालं की निकोटीन शोषलं जात नाही. चुना करतो त्याच्या नेमकं उलट.

सल्ल्यासाठी १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत नंबर आहे. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तंबाखूमुक्तीच्या समुपदेशनाची चौकशी करा. मला विचाराल तर फोन तारीख ठरवण्याआधीच करावा.

घसरलात तर

एखादा बार लागला म्हणून पुडी विकत घेऊ नका. कारण त्याच कॅलेंडरवर लिहा आणि पुढे चला. सोडल्यानंतर महिनाभराने बीपी पुन्हा मोजून घ्या. आकडा उतरला तरी गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

एक मात्र थांबण्यासारखं नाही. छातीवर दडपण, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असं काही झालं तर गॅस समजून सोडा पीत बसू नका आणि बरं वाटेल म्हणून चिमूटही लावू नका. १०८ ला फोन करा.