मातीची ओल मोजणारं सर्किट कसं बनवावं

निपाणी-चिक्कोडीकडच्या काळ्या रानात वरची ढेकळं वाळलेली दिसतात, पण वीतभर खाली ओल असते. उसाला पाणी आज सोडायचं की चार दिवसांनी, हे वरून कळत नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विजेचा भार धरायला पदार्थ किती मदत करतो, त्याचा आकडा) साधारण ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५. त्यामुळे मातीत खुपसलेल्या दोन पट्ट्यांमधली कपॅसिटन्स, म्हणजे भार धरायची क्षमता, ओलीबरोबर वाढते. मात्र ही वाढ पिकोफॅरड या अगदी छोट्या एककातलीच असते, आणि सगळी मेख तिथंच आहे.

आधी प्रोब, म्हणजे मातीत जाणारा भाग. तांब्याच्या पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी ठेवून बाकीचं तांबं काढा. वरून इपॉक्सीचे दोन हात द्या. कापलेल्या कडा सोडू नका, पाणी तिथूनच शिरतं.

आता टीएलसी ५५५. ही पल्स देणारी टायमर आयसी, कपॅसिटन्स वाढली की तिचे पल्स मंदावतात. जुना एनई ५५५ या वेगाला भरवशाचा नाही. पिन ४ आणि ८ पाच व्होल्टला, १ ग्राउंडला. ८ ते ७ मध्ये १० किलोओमचा रेझिस्टर, ७ ते ६ मध्ये १०० किलोओमचा. २ आणि ६ जोडून एका पट्टीला, दुसरी पट्टी ग्राउंडला. १ आणि ८ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आयसीला चिकटून. ४० पिकोफॅरडला पिन ३ वर साधारण १७१ किलोहर्ट्झ मिळतात, ८० ला त्याच्या निम्मे.

प्रोब रानात आणि आयसी घरात, असं करू नका. कोअॅक्स केबलचीच कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. तिच्यापुढे मातीची ओल दिसणारच नाही. आयसी प्रोबच्या डोक्यावरच बसवा, केबलमधून फक्त सप्लाय, ग्राउंड आणि आउटपुट न्या. ब्रेडबोर्डही नको. सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर पावसाळ्यात आकडे भरकटतात.

आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या ५ नंबर पिनला आउटपुट जोडून १०० मिलिसेकंदांतले पल्स मोजा. एवढ्या वेळात ५० हर्ट्झच्या लाइनच्या पाच पूर्ण फेऱ्या होतात, त्यामुळे पंपाच्या वायरचा त्रास बराच कमी होतो.

पिकोफॅरड काढत बसू नका. त्याच रानातली वाळवलेली माती, वाफशावरची माती आणि पाणी दिल्यावरचा चिखल, या तिघांचे आकडे लिहून ठेवा. खानापूरच्या तांबड्या मातीला हे आकडे चालणार नाहीत, तिथं पुन्हा घ्या. खत टाकल्यावरही एकदा तपासा, क्षारांनी आकडा हलतो.

काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात. प्रोब भेगेत आला तर पट्टीला हवा लागते आणि खाली ओल असूनही सर्किट कोरडं दाखवतं. म्हणून प्रोब तिरका घाला आणि भोवती त्याच मातीचा पातळ गारा ओतून दाबा.