मिस ऑलिम्पियाचे जुने फोटो कसे बघायचे

भुसावळला माझी संध्याकाळची लेडीज बॅच असते. नवी पोरगी आली की कधीतरी मोबाइल पुढे करतेच, "ताई, मला अशी बॉडी बनवायची." तिला न्यायला आलेली आई तोच फोटो बघून म्हणते, "हाई बाई शे का मानूस?" फोटो असतो मिस ऑलिम्पियाचा, म्हणजे बायकांच्या बॉडीबिल्डिंगच्या मोठ्या स्पर्धेचा. पण कुठल्या सालचा, हे दोघींनाही ठाऊक नसतं. माझं म्हणणं एवढंच, की साल कळल्याशिवाय त्या शरीराबद्दल बोलूच नका. त्या त्या वर्षी पंचांना काय हवं होतं, तेच तुम्हाला स्टेजवर दिसतं.

आधी पाच जणींचे फोटो जमवा आणि ओळीने लावा. स्पर्धा १९८० ला फिलाडेल्फियात सुरू झाली, तेव्हा रेचल मॅकलिश पहिली आली. मग कोरी एव्हरसन, १९८४ ते १९८९, सलग सहा वेळा. लेंडा मरे १९९० ते १९९५, तीही सहा वेळा. किम चिझेव्स्की १९९६ ते १९९९. आणि शेवटी आयरिस काइल.

पाचही फोटो एकाच पोझचे घ्या, आणि तेही पाठमोऱ्या डबल बायसेप्सचे, म्हणजे पाठ करून, दोन्ही हात वर, कोपरात वाकवून दंड फुगवलेले. समोरच्या फोटोत नजर चेहऱ्यावर, केसांवर, बिकिनीवर जाते. पाठ खोटं बोलत नाही. बघताना खालून वर या. एक पाय मागे चवड्यावर टेकलेला असतो, त्याची पोटरी बघा. मग मांडीची मागची बाजू, मग कंबर, आणि शेवटी लॅट्स, म्हणजे बगलेखालचे पाठीचे पसरट स्नायू. मॅकलिशकडे आकार आहे, जाडी बेताची. मरेकडे आलात की कंबर बारीक आणि लॅट्स पसरलेले, एकदम इंग्रजी व्ही. चिझेव्स्कीपाशी थांबा. आकारमान एका उडीत वाढलंय आणि कातडी इतकी कोरडी, म्हणजे खाली पाणी-चरबी नसलेली, की स्नायूचा धागा न् धागा मोजता येतो. पोरींच्या आया इथेच तोंडावर पदर घेतात.

आता नियम जोडा, त्याशिवाय पुढचे निकाल कळायचे नाहीत. २००० पासून हलका आणि जड असे दोन वजनगट आले. २००१ चा निकाल तर मी सगळ्यांना दाखवतेच. हलक्या गटातल्या ज्युलिएट बर्गमनने जड गटाची विजेती आयरिस काइल हिला मागे टाकून एकूण किताब नेला. वजन जास्त म्हणजे जिंकलीच, हे डोक्यातून काढायला एवढं पुरे. २००५ ला वजनगट गेले. त्याआधी बॉडीबिल्डिंगच्या आयएफबीबी या संघटनेने बायकांना फर्मान काढलं होतं की स्नायू वीस टक्के कमी करून या. वीस टक्के मोजायचे कशाने, तराजूत? पुरुषांना असं कोणी कधी सांगितलं नाही. २००५ ला याक्सेनी ओरिक्वेन जिंकली. पण २००६ ते २०१४ पुन्हा काइलच, २००४ चा धरून दहा किताब.

२०१५ ते २०१९ चे फोटो शोधत बसू नका, स्पर्धाच झाली नाही. २०२० ला पुन्हा सुरू झाली, तेव्हा आंद्रिया शॉ जिंकली.

एवढं झालं की स्वतःचा गट ठरवा. पहिल्याच वर्षी बॉडीबिल्डिंगच्या मागे लागू नका. ऑलिम्पियात २०१३ पासून विमेन्स फिजिक हा गट आहे, तिथे जाडीपेक्षा बांधा बघतात. त्या गटात पोझ देताना हाताची मूठ वळायची नाही, पंजा उघडा ठेवायचा. आमच्या पोरी हमखास मूठ आवळतात, म्हणून सरावात बोटं सैल ठेवायची सवय आधी लावा.

मग मैत्रिणीला मागे उभी करा. मोबाइल तुमच्या कमरेच्या उंचीवर धरायला सांगा, वरून धरला की पाय आखूड दिसतात. ट्यूबलाइट डोक्यावर येऊ देऊ नका, जरा बाजूला असू द्या. तोच पाठमोरा डबल बायसेप्स, दर महिन्याला, त्याच जागी. फोटोखाली तारीख टाका.