एसडी कार्डवर तापमानाच्या जागी ‘?’ येतंय?

आर्डुइनो उनोवर (छोटा कंट्रोलर बोर्ड, इथे जुना आर३) एसएनप्रिंटएफ, म्हणजे आकड्यांचा मजकूर बनवणारं सी भाषेतलं फंक्शन, वापरून तापमान फाइलमध्ये लिहायला गेलात की २७.४५ च्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह येतं, कारण तिथल्या प्रिंटएफमध्ये फ्लोट (दशांश आकडा) मुळात चालूच नसतो. लिंकरला (प्रोग्रामचे तुकडे जोडणारं टूल) फ्लॅग देऊन चालू करता येतो, पण ३२ केबीच्या चिपवर कशाला उगाच जागा घालवायची, त्यापेक्षा हे करा.

१. रीडिंगला १०० ने गुणून राउंड करा आणि इंटमध्ये (पूर्णांक) ठेवा, म्हणजे २७४५.

२. एसएनप्रिंटएफला दोन आकडे द्या, १०० ने भागून आलेला आणि बाकी उरलेला. बाकीला ‘%02d’च लावा (दोन अंकी, कमी पडला तर पुढे शून्य), नाहीतर २७.०५ चं २७.५ होऊन बसतं आणि नंतर ग्राफ बघताना डोकं फिरतं (माझं फिरलंय).

३. अख्खी ओळ बफरमध्ये (मेमरीतली तात्पुरती जागा) तयार झाली की एकदाच राइट, आणि दर दहा-वीस ओळींनी फ्लश, म्हणजे साठलेलं कार्डवर पक्कं लिहिणं. वीज गेली तर तेवढ्याच ओळी जातात.

मायनस मात्र सांभाळा. -४५ ला (म्हणजे -०.४५ अंश) १०० ने भागलं की शून्य येतं, चिन्ह गायब, म्हणून चिन्ह आधीच वेगळं काढून ठेवा आणि दोन्ही आकडे पॉझिटिव्ह करून द्या. उनो आर३ वर इंट १६ बिटचाच असतो, ३२७.६७ च्या वर जाणार असाल तर लाँग (मोठा पूर्णांक) घ्या आणि ‘%ld’ लिहा.