हप्ते थकले? पाकीट कॅलेंडरमागे खोचण्याआधी

आमच्या देवगडकडे हप्ता थकला की बँकेचं पाकीट न फोडताच कॅलेंडरमागे जातं. धाकट्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या कर्जाची अशी तीन पाकिटं आम्हाला गणपतीच्या साफसफाईत सापडली. आई म्हणाली, "माका वाटला, फोडला नाय तर लागू होवचा नाय." दुर्दैवाने नोटिशीची मुदत कोणी पाकीट फोडायची वाट बघत नाही. त्यानंतर जे धक्के खात शिकलो, ते क्रमाने सांगतो.

१. वहीत कर्जांची यादी करा
कोणी दिलं, तारण काय, सह्या कोणाच्या, इतकं लिहा. बँक आणि फायनान्स कंपनीवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं. पतसंस्थेची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते. सावकाराची तक्रारही तिथेच. महाराष्ट्रात २०१४च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. घरात तिन्ही प्रकारची कर्जं असतील तर वेगवेगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. आम्ही पतसंस्थेची तक्रार घेऊन रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे निघालो होतो, म्हणून हे आधी सांगितलं.

२. शैक्षणिक कर्ज: ९० दिवसांच्या आत बँकेत जा
साधारणपणे कोर्स आणि वर एक वर्ष एवढा काळ हप्ता नसतो, आणि परतफेड १५ वर्षांपर्यंत लांबवता येते. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-बुडीत, होतं. मग मॅनेजरच्या हातात फारसं काही उरत नाही, म्हणून त्याआधी लेखी अर्ज द्या. बँकांच्या मॉडेल योजनेत बेकारीच्या काळात मध्येच हप्ते थांबवण्याची सोय आहे. पण ती मागावी लागते, आपणहून कोणी सांगत नाही. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत कोर्स बसतो का आणि बसत असेल तर बँकेने अनुदान मागितलं का, हेही विचारा.

अर्जात कोकणाचं गणित लिहा. "आमचं उत्पन्न एप्रिल-मेमध्ये आंब्याचं, पावसाळ्यात हातात काही नाही, हप्ता त्याप्रमाणे बांधून द्यावा." मासेमारीवर घर असेल तर जून-जुलैची बंदी लिहा. दोन प्रती न्या आणि एकीवर शाखेचा शिक्का, तारीख, सही घ्या. तोंडी बोलणं मॅनेजरच्या बदलीबरोबर जातं. आमचे दोन मॅनेजर असे गेले.

३. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन
कार्डाच्या बिलावरची किमान रक्कम ('मिनिमम ड्यू') तेवढीच भरत राहणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी ओतणं. कार्ड वापरणं थांबवा आणि उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून मागा. एकरकमी तडजोड करायची असेल तर आधी बँकेचं पत्र, मग पैसे. एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजला पत्र समजू नका. तडजोडीनंतर सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हेही समजून घ्या.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही. नातेवाईकांना त्रास देणं, धमकावणं हेही चालत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी लागत नाही.

४. जप्तीची नोटीस आली तर
घर तारण असेल तर बँक तारण-वसुलीच्या सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. बँकेने ताब्याची कारवाई केली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं.

कलम ३१ आपल्याकडे महत्त्वाचं आहे: शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू नाही, १ लाखाच्या आतल्या येण्यालाही नाही. म्हणजे खरोखर लागवडीखालची आंब्याच्या कलमांची बाग बँकेला या वाटेने घेता येत नाही. दिवाणी दावा मात्र लावता येतो.

पतसंस्थेचं वेगळं. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला, म्हणजे वसुलीचा हुकूम, मिळवते. तो एकदा निघाला की पुनरीक्षणासाठी (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणी मागायला) निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून निबंधकाकडच्या पहिल्याच तारखेला हजर राहा आणि व्याजाचा हिशोब मागा. जामीनदारांनीसुद्धा.

५. लोकअदालत
कोर्ट फी नाही, तडजोड पटली नाही तर उठून यायची मुभा. सही केली की मात्र तो दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा होतो आणि त्यावर अपील नाही. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

६. नादारी, म्हणजे दिवाळखोरी
हे शेवटचं. नव्या दिवाळखोरी संहितेतला सामान्य माणसाचा भाग अजून लागू झालेला नाही. शिवाय त्यात शैक्षणिक कर्जाला माफीतून वगळलंच आहे. मुंबई शहराबाहेर म्हणून आपल्याला १९२०चा प्रांतिक नादारी कायदा लागतो, अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे आमच्यासाठी ओरोसला. त्यात कर्जाची किमान रक्कम लिहिली आहे ५०० रुपये! आज तेवढ्यात हापूसची पेटीही येत नाही. कोर्ट मालमत्ता ताब्यात घेऊन ज्यांचं येणं आहे त्यांच्यात वाटतं आणि मग कर्जातून मुक्तता देतं. वकिलाशी बोलल्याशिवाय इकडे वळू नका.

७. कर्ज फिटल्यावर
बेबाकी दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घ्या. घराचे मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत द्यायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. दोनेक महिन्यांनी सिबिल उघडून खातं बंद दिसतं का ते बघा, आणि सातबारावर बोजा चढवला असेल तर तो उतरवायला दाखला घेऊन तलाठ्याकडे जा.