वाय-फाय सिग्नलवरून इमारतीतली जागा शोधताना या चुका टाळा

इमारतीच्या आत जीपीएसचा भरवसा नाही, म्हणून वाय-फाय सिग्नलच्या ताकदीवरून फोन कुठे आहे ते ओळखायचं: आधी ठिकठिकाणी सिग्नल मोजायचे, मग त्या मापांवरून जागा ओळखायला संगणकाचं मॉडेल शिकवायचं. कल्पना सोपी वाटते, म्हणून नवशिके मोजणी घाईत उरकून मॉडेलकडे धावतात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बहुतेक कामांत मॉडेल ठीक होतं, मापंच कच्ची होती.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शिळा स्कॅन (फोनने आसपासचे राउटर शोधून घेतलेली सिग्नलची यादी) ताजा समजणं. अँड्रॉइड ९ पासून समोर उघडं असलेलं ॲपही २ मिनिटांत ४ वेळाच स्कॅन करू शकतं. त्यापुढची विनंती नाकारली जाते, पण यादी मागितली तर आधीचीच मिळते. एका टीमने प्रत्येक ठिकाणी दर २ सेकंदांनी ३० नोंदी घेतल्या होत्या. निम्म्या ठिकाणी चढउतार शून्य, आणि त्यावर सगळे खूश! माणूस एका जागी उभा असला तरी सिग्नल थोडा हलतोच. वेळेच्या नोंदी काढल्यावर उलगडा झाला: पहिल्या ठिकाणी ४ खरे स्कॅन, पुढच्या ठिकाणी एकही नाही. तिथे मागच्याच ठिकाणची मापं चिकटली होती. पूर्ण मजला पुन्हा मोजावा लागला. मी प्रत्येक मापासोबत त्याची वेळ जपतो आणि तीच वेळ पुन्हा आली की नोंद टाकून देतो. अँड्रॉइड १० पासून फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर पर्यायांत ही मर्यादा बंद करता येते. मोजणीपुरती जरूर करा, पण चाचणी मात्र ही मर्यादा चालू ठेवूनच घ्या, कारण वापरणाऱ्याच्या फोनवर ती असणारच.

दुसरी चूक, एकाच दिशेला तोंड करून मोजणं. शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं, त्यामुळे पाठ फिरवली की राउटर 'लांब' जातो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या 'रडार' या जागा शोधण्याच्या २००० सालच्या कामातही दिशेची नोंद होती. मी चारही दिशांना वळून मोजतो, आणि रिकाम्या इमारतीत तर मोजतच नाही, कारण वापराच्या वेळी तिथे माणसं असणारच. कंटाळवाणं आहे, पण याला जवळची वाट नाही.

न दिसलेल्या राउटरसाठी ० भरू नका. सिग्नलची ताकद डीबीएम या एककात, बहुधा उणे आकड्यांत येते; ० डीबीएम म्हणजे प्रचंड ताकद. उणे १०० भरा.

लोकांच्या फोनचे हॉटस्पॉट यादीतून काढा, ते माणसाबरोबर फिरतात.

एकाच फोनवर मोजू नका. चिप बदलली की आकडे बदलतात.

आणि एकाच फेरीतल्या नोंदी वाटून मॉडेलची शिकवणी व चाचणी करू नका. चाचणीसाठी मी वेगळ्या दिवशी, वेगळा फोन घेऊन पुन्हा चालतो.